बर्टी क्रंब आणि ग्लासगोचं हसू

ये गं मंजू, ये, अशी जवळ बस. तिथे दारापाशी नको, फटीतून गार वारा येतो, ड्राफ्ट लागतो. आणि आधी तो कोट काढ. कोट घालून बसलेल्या माणसाशी मला बोलताच येत नाही. सारखं वाटतं, आता उठेल, मग उठेल. काय गं, इथे ग्लासगोत लहानाची मोठी झालीस, माझ्या हातच्या पोळ्या खाऊन शाळेत गेलीस, आणि लंडनजवळ मेडनहेडला नोकरी लागली तशी जी गडप झालीस ती झालीसच! विमानाला तास-सव्वा तास लागतो म्हणे. तेवढा वेळ तर मला मेथी निवडायला लागतो. बरं, जाऊ दे. आलीस ना? चहा घे.

शेजारचं घर बंद का, म्हणून विचारलंस. ते बर्टीचं घर. बर्टी क्रंब. तू गेलीस आणि मागोमाग तो राहायला आला, म्हणून तुमची चुकामूक झाली. सांगते.

बर्टी कधी कोणाच्या घरात नुसता येत नसे. तो एंट्री घेत असे. दार वाजवायचं, आपण 'कम इन' म्हणायचं, मग दार उघडून त्यानं आत टाकायचं ते एकच पाऊल. तिथेच थांबायचं. हॅट छातीशी धरायची. मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही आमच्या सोफ्यावर हजार माणसं बसली आहेत. पहिल्या दिवशी सोफ्यावर फक्त आमचे हे बसले होते, आणि ते केळं खात होते. यांना वाटलं, नवा शेजारी उंबऱ्यातच स्ट्रोक येऊन उभा राहिलाय. केळं टाकून धावले. त्याला धरून खुर्चीत बसवलं. "स्माइल फॉर मी! लिफ्ट बोथ आर्म्स!" बर्टीनं हसून दाखवलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "डॉक्टर, याहून वाईट स्वागतं झालीत माझी. पण इतकी काळजी कोणी घेतली नव्हती."

तिथून जी मैत्री झाली ती झाली.

ऐंशी उलटलेला माणूस, उंचीनं माझ्याएवढाच, पण बूट चांगले दोन साइझ मोठे. स्टेजचे बूट होते ते, रोजचे म्हणून वापरायचा. "रिटायर झालो म्हणून बूट कशाला रिटायर करू?" मूळचा इंग्लंडातला, लँकशरचा. तिकडची माणसं येता-जाता 'लव्ह' म्हणतात. आमच्या यांनाही तो 'डॉक्टर लव्ह' म्हणायचा, आणि हे उगीच इकडे-तिकडे बघायचे. मला मात्र 'मिसेस के'. केळकर त्याला झेपेना. आपण बोलता बोलता जरा उठलो, नाहीतर जांभई दिली, की लगेच हात वर करून ओरडायचा, "बसून राहा, बसून राहा! दारं बाहेरून बंद केलीयेत!" एकदा बाथरूमला जायचं म्हणून मी उठले, तरी तेच.

तो म्यूझिक हॉलमधला विनोदवीर. तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं. म्यूझिक हॉल म्हणजे पूर्वी इथे गावोगावी थिएटरं असायची. त्यांत एकाच खेळात गाणं, जादू, कसरती, शिकवलेले कुत्रे, सगळं. आणि मधे मधे असा एक माणूस, पिवळ्या चौकड्यांचा सूट आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारा टाय घातलेला. संध्याकाळी दोन खेळ, आठवडाभर एक गाव, रविवारी ट्रेननं दुसरं. "रविवारच्या ट्रेनमध्ये दोनच प्रकारचा माल असे, मिसेस के. मासे आणि नट. मासे आधी उतरवायचे, ते नासतात ना."

राहायचं कुठे, तर थिएटरच्या लोकांना खोल्या देणाऱ्या लँडलेडी असत, त्यांच्याकडे. अर्धं आयुष्य त्यानं या बायकांच्या हातचं खाल्लं आणि उरलेलं अर्धं त्यांच्यावर जोक केले. माझंही काही तो सुखासुखी खायचा नाही. पहिल्यांदा पिठलं वाढलं तर चमचा उलटा धरून बघितला. पिठलं पडेना. "मिसेस के, वॉलपेपर चिकटवायला फर्स्ट क्लास." आणि ताट पुढे करून, "अजून एका भिंतीपुरतं वाढा."

त्याचा सगळ्यांत गाजलेला आयटम लँडलेडीच्या सुपाचा. माझ्याकडे त्यानं तो शेवयांच्या खिरीवर करून दाखवला. चमच्यातून एक शेवई उचलायची. खरी नाही, हवेतलीच. ती वर वर येते, संपतच नाही. मग खुर्चीवर चढायचं, तरी संपत नाही. कानामागून घ्यायची, गळ्याभोवती गुंडाळायची, तिचा टाय बांधायचा, आरशात बघायचं, आणि समोर लँडलेडी आली असं समजून म्हणायचं, "काही नाही, मॅडम, फार छान आहे सूप." मी इतकी हसले की माझी खीर करपली.

पण गंमत त्याच्या थांबण्याची. काही बोलला की थांबायचा. पोस्टात स्टॅम्प मागितले की काउंटरवरच्या मुलीकडे बघत उभा. बसमध्ये पास दाखवला की ड्रायव्हरकडे बघत उभा. मागे रांग खोळंबलेली, आणि हा तोंडाकडे टक लावून बघतोय. समोरचा हसला की मान हलवून पुढे. नाही हसला तर दुसरा जोक. मी म्हणायची, काय हा हावरटपणा! या वयातसुद्धा पोस्टाच्या रांगेत टाळ्या हव्यात!

आमच्याकडे आला की खिडकीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर. टीव्ही आवाज बंद करून बघायचा. "आवाज कशाला? जोक सगळे माझेच आहेत." फोन उचलायचा नाही. आणि बोलायला लागला की दुसऱ्याला बोलूच द्यायचा नाही. हे म्हणायचे, नटांचं असंच असतं, स्वतःच्या आवाजावर प्रेम. आमचे हे डॉक्टर खरे, पण हाडांचे. बर्टीचं काही मोडलं असतं तर यांना लगेच कळलं असतं.

ग्लासगोशी त्याचं जुनं दुखणं होतं. तरुणपणी तो इथे पहिल्यांदा आला, तेव्हा इंग्लिश विनोदवीरांना या गावाची धडकी भरत असे. शुक्रवारचा दुसरा खेळ. गोदीत आठवडाभर राबून आलेली माणसं. हा गेला स्टेजवर आणि सुरू केलं. कोणी हसेना. "हुर्यो उडवली असती तर बरं झालं असतं, मिसेस के. शांत बसले. मग वरून कोणीतरी खोकलं. आणि त्या खोकल्यावर सगळं थिएटर हसलं!" पुढे खुर्च्या वाजायला लागल्या. थिएटरच्या खुर्च्या असतात ना, आपण उठलो की बसायची फळी धप्प करून वर जाते, तशा एकेक करत ओळीच्या ओळी. तो आवाज म्हणे माणूस विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवरच्या मुलीला यानं विचारलं, "तू तरी हसलीस का?" ती म्हणाली, "नाही." ही जीन. "तू विनोदी आहेस. पण बस सुटतेय असं बोलतोस. थांब की जरा. लोकांना हसायला जागा दे." बर्टीनं तिच्याशी लग्न केलं. म्हणायचा, "खोटं हसणाऱ्या खूप भेटल्या होत्या. खरं न हसणारी ही एकच." मग प्रत्येक गावी जीन पहिल्या रांगेत. पुढे टीव्ही आला, थिएटरं बंद पडली, काहींत बिंगो, म्हणजे आपला हाउजी, सुरू झाला. हा जीनच्या गावी येऊन राहिला, कार्पेटच्या दुकानात लागला, तिथेच म्हातारा झाला. मग जीन गेली. मोठं घर विकून तो आमच्या शेजारी आला.

एवढी वर्षं इथे काढली, पण ग्लासगोच्या स्टेजवर पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. एकदा चहा पिता पिता मला म्हणाला, आणि त्या दिवशी जोक नव्हता तो, "मिसेस के, मरायच्या आत एकदाच. याच गावात, भरलेला हॉल, आणि हसला पाहिजे. जीनचं गाव आहे हो. तिला फार वाईट वाटायचं."

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी थेट आपल्या मराठी मंडळाच्या मीटिंगला गेले आणि म्हटलं, यंदा गणपतीच्या कार्यक्रमात बर्टी क्रंब.

अध्यक्ष डॉक्टर सबनीस. दर वर्षी नाट्यगीतं तेच म्हणतात, दोन-दोन तास. त्यांच्या कपाळाला आठ्या. "वहिनी, बाप्पासमोर हे असले जोक?"

आपली सुलभा काही कमी आहे का? म्हणाली, "तुमचं गाणं बाप्पानं इतकी वर्षं ऐकून घेतलं ना, डॉक्टर? त्याची सहनशक्ती मोठी आहे."

ठरलं. बर्टीनं महिनाभर तालमी केल्या. भिंतीपलीकडून बुटांचा आवाज यायचा. रोज कुंपणापाशी येऊन प्रश्न. देवासमोर काय चालतं, काय नाही? सासूवर जोक चालेल? म्हटलं, समोर सगळ्या सासवाच बसणार आहेत, जपून. मग म्हणाला, "तुमचा देव हसतो का?" म्हटलं, "त्याचं पोट बघ. न हसणाऱ्याचं पोट असं होतं का?" फार आवडलं त्याला ते.

शनिवारची दुपार. गणपती बसला मधल्या वारी तरी इथे कार्यक्रम शनिवारीच. शाळेचा हॉल भरलेला. पहिल्या दोन रांगांत मुलांकडे व्हिसावर आलेल्या सगळ्या आया आणि सासवा, नऊवारी-पाचवारीवर कार्डिगन घालून. मधोमध सुलभाच्या सासूबाई, सांगलीच्या आक्का. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण सगळ्यांत पुढची खुर्ची धरलेली.

बर्टीनं एंट्री घेतली. चौकड्यांचा सूट, लांब टाय. एक पाऊल, थांबला, मान डावीकडे, मान उजवीकडे. बाप्पाला नमस्कार केला आणि पोटावरून हात फिरवून त्याच्याकडे असं बघितलं, की तू पण लँडलेडीकडेच जेवतोस वाटतं! मंजू, तिथूनच हॉल सुटला. सूप आलं तशी आक्कांनी पदर तोंडात कोंबला. शेजारणीनं पदरात तोंड लपवून डोकं गुडघ्यांत घातलं. ओळीच्या ओळी पदर तोंडाला लावून गदागदा हलताहेत. डॉक्टर मंडळींनी चष्मे काढून रुमाल डोळ्यांना लावलेले. सबनीसांना अध्यक्ष म्हणून एवढं हसणं शोभेना, ते भिंतीकडे तोंड करून उभे.

आणि बर्टी घाई करायला लागला. मला कळेना. जिथे थांबायचा तिथे थांबेना. कपाळावर घाम. शेवई गळ्याभोवती यायच्या आधीच त्यानं ती सोडून दिली, झटकन वाकून नमस्कार केला आणि बाजूच्या दारानं निघून गेला. लोक टाळ्या वाजवताहेत, आणि माणूस नाही! "चांगला रंगला होता हो, मधेच का संपवलं?" असं सगळे एकमेकांना विचारताहेत, तोवर मी त्याच्यामागे गेले.

बाजूच्या वर्गात लहान मुलांच्या खुर्चीत बसला होता. गुडघे हनुवटीला लागलेले. टाय सोडत होता.

"झालं, मिसेस के. त्याच गावात, पुन्हा तेच."

"काय झालं?"

"तोंड झाकून बसल्या बिचाऱ्या. ती पुढची म्हातारी तर रडतच होती. डॉक्टर लोक डोळे पुसत होते. तुमचा अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून! स्टेजवर मी पुष्कळदा पडलोय. पण लोकांना माझ्यासाठी रडू आलं, हे आजच."

मी दार लावायला वळले होते, तशीच म्हणाले, "अरे, रडतंय कोण? छप्पर उडायचं राहिलं होतं! ऐकू नाही आलं?"

उत्तर नाही. वळून बघते तर तो माझ्या पाठीकडे बघत बसलेला. माझं तोंड दिसल्यावर म्हणाला, "काही म्हणालात?"

मंजू, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खिडकीकडे पाठ, मुका टीव्ही, न उचललेला फोन, ती अखंड बडबड. स्वतः बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही ना! मी त्याच्यासमोर आणखी एक लहान खुर्ची ओढून बसले आणि सावकाश विचारलं, "बर्टी, तुला ऐकू येत नाही?"

म्हणाला, "गडगड येते. पण ती हसण्याची, की खुर्च्या सोडून चाललेत त्याची, ते कळत नाही. म्हणून मी दात बघतो. दात दिसले की थांबतो, दात मिटले की पुढे. कानाचं मशीन दिलंय, ते ड्रॉवरमध्ये आहे. बहिरा विनोदवीर म्हणजे आंधळा ड्रायव्हर, कोण बसेल त्याच्या गाडीत?" मग बुटांकडे बघत म्हणाला, "जीनला माहीत होतं. किचनमध्ये मी काही बोललो की ती लेटरबॉक्सएवढं तोंड उघडून हसायची. मला दिसावं म्हणून. ती गेली आणि मला कळेना, आता कोणाचे दात बघायचे."

आणि आमच्या बायकांनी नेमके दातच झाकले होते!

मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा रे, आमच्यात बाईमाणसानं चारचौघांत, वडीलधाऱ्यांपुढे तोंड वासून हसायचं नसतं. हसू आवरेना की पदर वर. जास्त आवरेना, तर पदर तोंडात.

त्यानं नीट ऐकलं, म्हणजे बघितलं. "म्हणजे जितका पदर जास्त, तितका जोक चांगला?"

"हो."

"आणि ती रडणारी म्हातारी?"

"आक्का? तिनं अर्धा वार तोंडात घातला होता."

"अर्धा वार!" बर्टी उठून उभा राहिला. कार्पेटच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, माप बरोबर कळलं त्याला.

मी त्याला हाताला धरून हॉलमध्ये आणलं. जेवणाची पानं मांडायला घेतली होती, ती थांबवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की याला ऐकू येत नाही, हसणं दिसावं लागतं. आक्का सुलभाला म्हणाल्या, "एवढंच होय? आधी सांगायचं नाही का! त्याला म्हणावं, ती शेवई पुरी कर. मी अडकून पडलेय." आणि उठून त्यांनी पदर कमरेला खोचला. "खोचा गं सगळ्याजणी! भांडायला खोचता, हसायला खोचायला काय झालं?"

रांगेनं पदर खोचले गेले. सबनीसांना सुलभानं दंडाला धरून भिंतीकडून वळवलं.

बर्टीनं शेवई परत उचलली. खुर्चीवर चढला, कानामागून घेतली, गळ्याभोवती गुंडाळली, टाय बांधला. सगळ्यांचे दात दिसताहेत, आणि तो बरोबर थांबतोय. मग त्यानं आक्कांकडे बघितलं. आक्का तोंड उघडून जिवाच्या आकांतानं हसत होत्या, आणि तोंडात एकही दात नव्हता. कवळी त्या फक्त जेवताना लावत. बर्टी थबकला. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. आक्कांच्या लक्षात आलं. "थांब रे बाबा!" म्हणून त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, कवळी काढली, लावली, आणि त्याच्याकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून हसल्या.

आणि बर्टी हसला. एवढ्या वर्षांत मी त्याला स्वतः असं खदखदून हसताना बघितलं नव्हतं. विनोदवीर आपल्या जोकवर हसत नाही म्हणे. त्या दिवशी खुर्चीवरून उतरून स्टेजच्या काठावर बसला, आणि सगळा हॉल त्याच्यासमोर हसतोय, आणि तो हसतोय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. नंतर सूट घडी करताना एवढंच म्हणाला, "आज हे कोणाला जाऊन सांगू, मिसेस के?" मी म्हटलं, जेवायला चल.

गेल्या हिवाळ्यात पडला, खुब्याचं हाड गेलं. यांनी लगेच ओळखलं! आता केअर होममध्ये असतो, दोन बस बदलून जावं लागतं. जागा स्वच्छ आहे, मुली प्रेमळ आहेत. पण लाउंजमधल्या सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून. याच्या वाट्याला नुसत्या पाठी. मी जाते डब्यात खीर घेऊन, त्याच्यासमोर खुर्ची वळवून बसते. पण त्याचे सगळे जोक माझे ऐकून झालेत गं, आणि त्याला फसवता येत नाही. लगेच ओळखतो. "मिसेस के, हे मनापासूनचं नाही. नुसते वरचेच दात दाखवलेत तुम्ही." परवा निघताना विचारत होता, तुमच्या ओळखीत कोणी नवीन आहे का?

तू उद्या परत चाललीस, या खेपेला काही जमणार नाही. पण लवकर ये, मंजू. ख्रिसमसपर्यंत लांबवू नकोस, त्याचं वय बघ, आमचं बघ. तू त्याचा एकही जोक ऐकलेला नाहीस. आपण दोघी जाऊ, तुझी खुर्ची मी अगदी त्याच्यासमोर मांडीन.